घर राहण्याजोगं उरलं नाही, तर भाडं कशाचं?

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : भाड्याचं घर मोडकळीला आल्यावर भाडं, डिपॉझिट आणि दुरुस्ती यांची जबाबदारी करारातच छापण्याबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

मी डोंबिवलीत राहते. गेली चौदा वर्षं भाड्यानं राहते आहे, या काळात पाच घरं बदलली. प्रत्येक घराचा करार रीतसर नोंदवलेला, भाडं एकदाही थकवलेलं नाही. हे आधी सांगते, कारण भाडेकरूनं तक्रार केली की पहिला प्रश्न त्याच्या हेतूबद्दलच विचारला जातो.

गेल्या पावसाळ्यात, जुलैतल्या एका पहाटे तीनच्या सुमाराला आमच्या हॉलच्या छताचा चार बाय तीन फुटांचा तुकडा खाली आला. आवाज असा झाला की मला वाटलं सिलिंडर फुटला. दिवा लावला तर सगळीकडे पांढरी धूळ, सोफ्यावर सिमेंटची ढेकळं आणि वर उघड्या पडलेल्या सळया. तांबड्या, फुगलेल्या. नंतर स्टुलावर चढून मी एका सळईला बोट लावलं तर तिचे पापुद्रे सुटून हातात आले. त्या सोफ्यावर माझे सासरे झोपतात. त्या आठवड्यात ते गावी गेले होते. एवढंच लिहिते, याहून जास्त मला आजही बोलवत नाही.

सकाळी सातला घरमालकांना फोन केला. आम्ही त्यांना काका म्हणतो. निवृत्त माणूस, हा एकच जादा फ्लॅट, त्याच्या भाड्यावर त्यांची औषधं चालतात. ते आले, वर बघितलं आणि म्हणाले, "ताई, पंख्याचा हूक बदलताना काही ठोकाठोक केली होती का?" मग म्हणाले, स्लॅबचं काम सोसायटीचं. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले तर ते म्हणाले, मालकांना अर्ज द्यायला सांगा, आम्ही भाडेकरूंशी पत्रव्यवहार करत नाही. तिसऱ्या दिवशी पालिकेचे अभियंता पाहून गेले. खोलीत टेकू लावून घ्या आणि दुरुस्ती होईपर्यंत इथे राहू नका, असं तोंडी सांगितलं, पुढे कागदही आला. आम्ही दोन बॅगा आणि मुलीचं दप्तर घेऊन बदलापूरला नणंदेकडे गेलो. तिची वन रूम किचन, त्यात ती चौघं आणि आम्ही चौघं.

एक तारखेला काकांचा मेसेज आला : भाडं पाठवा. मी म्हटलं, काका, आम्ही तिथे राहतच नाही. ते म्हणाले, सामान तुमचंच आहे ना आत? त्यानंतरही एक महिना तसाच गेला. सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही ती मुदत, संपला नव्हता. शेवटी आम्ही घर सोडलं आणि पंच्याहत्तर हजारांच्या डिपॉझिटपैकी पस्तीस हजार चार महिन्यांनी परत मिळाले. बत्तीस हजार दोन महिन्यांचं भाडं म्हणून कापले आणि आठ हजार रंगकामाचे. ज्या हॉलला छत उरलं नव्हतं, त्याच्या भिंतींचा रंग.

काकांना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांच्या हातात जो करार होता, त्याप्रमाणे ते वागले, आणि माझ्याही हातात तोच होता. म्हणूनच हे पत्र त्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

तो करार मी त्या दिवसांत नणंदेच्या ओट्याशी उभी राहून पुन्हा पुन्हा वाचला. भाडं किती तारखेला द्यायचं, वीजबिल कोणी भरायचं, भिंतीला खिळा ठोकायचा की नाही, फिटिंगचं नुकसान झालं तर भरपाई कोणी द्यायची, मुदत संपल्यावर ताबा कसा द्यायचा, मालकानं घर तपासायला कधी यायचं, हे सगळं त्यात होतं. छत पडलं तर काय करायचं, याबद्दल एक ओळ नव्हती. घर वापरण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी मालकाची, असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. आधीच्या चार घरांचे करार काढून पाहिले. सगळ्यांचा साचा तोच.

मग कायदा वाचायला घेतला. मी वकील नाही, एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करते, पण कागद वाचायची सवय आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की जागा चांगल्या आणि राहण्यायोग्य स्थितीत ठेवणं हे घरमालकाचं कर्तव्य आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्यानं वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंत. भाडेकरूनं जपलेला हिशेब आणि पावत्या हाच त्या खर्चाचा पुरावा. वाचताना मला भरून आलं होतं. माझं भाडं महिना सोळा हजार, वर्षाचं एक लाख ब्याण्णव हजार, चौथा हिस्सा अठ्ठेचाळीस हजार. एवढ्यात ते छत नीट झालं असतं.

ओळखीच्या एका वकीलताईंना हे दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, पण तू भाडेकरू नाहीस."

महोदय, या एका वाक्याशी थोडं थांबा, अशी माझी विनंती आहे. मी भाडं भरते, दारावर माझी पाटी आहे, गॅसच्या पुस्तकावर तो पत्ता आहे, मुलीची शाळा त्या पत्त्यावरून ठरली. कायद्याच्या भाषेत मात्र मी भाडेकरू नाही. मी लायसन्सी आहे, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत त्याच्या परवानगीनं वावरणारी. आमच्यासारख्यांचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, आणि कलम १४ मधला शब्द आहे भाडेकरू. आज आपल्या शहरांत नव्यानं भाड्यानं राहायला जाणारं जवळपास प्रत्येक कुटुंब याच अकरा महिन्यांच्या करारावर राहतं. त्या कायद्यातलं सगळ्यात उपयोगाचं कलम त्यांच्या दारापर्यंत पोचतच नाही.

त्याच कायद्यात लायसन्स देणाऱ्या मालकाची सोय मात्र नीट केलेली आहे. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो, झटपट आदेश मिळवू शकतो, आणि मुदतीनंतरच्या वास्तव्यासाठी दुप्पट दरानं भरपाई घेऊ शकतो. हे असावंच. लोक घरं कुलूप लावून ठेवत होते, ती भाड्यानं मिळू लागली, ती या भरवशामुळे. पण मला चाळीस हजार परत हवे असतील, तर त्या सक्षम प्राधिकाऱ्याचं दार माझ्यासाठी नाही. मला दिवाणी दावा लावायचा, वकील करायचा आणि तारखांना रजा टाकायची. चाळीस हजारांसाठी हे कोणी करत नाही, हे मालकालाही ठाऊक असतं आणि एजंटलाही.

लायसन्सीसाठी कायदाच नाही, असंही नाही. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम आहे. त्याचं कलम ५७ सांगतं की जागेत जिवाला किंवा वस्तूंना धोका पोचवू शकेल असा दोष आहे आणि तो मालकाला माहीत आहे पण राहायला येणाऱ्याला नाही, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. कलम ६२ सांगतं की जागा नष्ट झाली, किंवा एखाद्या मोठ्या शक्तीमुळे कायमची इतकी बदलली की वापरताच येत नाही, तर लायसन्स संपल्यातच जमा. आणि कलम ६४ प्रमाणे मोबदला घेऊन दिलेलं लायसन्स मालकानं मुदतीआधी काढून घेतलं आणि राहणाऱ्याची काही चूक नसेल, तर त्याला भरपाई मागता येते. जवळपास दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेली कलमं आहेत, शहाणपणाची आहेत. पण आमचं घर ना नष्ट झालं होतं, ना कायमचं निकामी. ते तीन-चार महिने राहण्याजोगं नव्हतं, आणि बहुतेकांवर हीच पाळी येते. छताचा तुकडा पडतो, वायरिंग जळतं, पुराचं पाणी शिरून भिंती महिना-महिना ओल्या राहतात, वरच्या मजल्याची ड्रेनेजची लाइन फुटते. घर असतं, पण त्यात राहता येत नाही. या मधल्या काळाबद्दल आपला कायदा लायसन्सीला काहीच सांगत नाही.

कलम ५७ बद्दल आणखी लिहायला हवं, कारण माझं सगळ्यात मोठं दुःख तिथे आहे. घर सोडल्यावर शेजारच्या काकूंनी मला सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त दाखवलं. आम्ही राहायला येण्याच्या दोन वर्षं आधीचं. इमारत तीस वर्षांवरची, त्यामुळे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, झालं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी झिरपून आमच्या फ्लॅटच्या स्लॅबमधल्या सळया गंजल्या आहेत, दुरुस्ती तातडीची आहे, असं अहवालात होतं, आणि हजर सभासदांच्या यादीत आमच्या काकांची सही होती. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा छताला ताजा पांढरा रंग होता. घर किती स्वच्छ ठेवलंय, म्हणून मीच कौतुक केलं होतं.

लोखंड गंजलं की त्याचा आकार वाढतो. सळई आतून फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलत राहते. आधी केसासारखी रेघ दिसते, मग तपकिरी डाग, मग टकटक केलं तर पोकळ आवाज, मग एका रात्री सगळं खाली. रंगाच्या दोन हातांनी रेघ आणि डाग झाकले जातात, फुगणं काही थांबत नाही. तीस वर्षं पूर्ण झालेल्या इमारतींची स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणं मुंबईत आणि इतर महापालिकांच्या हद्दीत कायद्यानं बंधनकारक आहे. ज्या सोसायट्या ती करतात, त्यांचा अहवाल सेक्रेटरीच्या कपाटात राहतो. त्या छताखाली झोपायला येणाऱ्या माणसाला तो कोणी दाखवत नाही, आणि त्यानं मागितला तरी तो सभासद नसल्यामुळे मिळत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, छताची संरचनात्मक दुरुस्ती सोसायटीनं करायची असते. पण तिच्याकडे मागणी करायचा हक्क सभासदाचा. मालक गप्प बसला, तर आम्ही कोणाकडे जायचं?

इथे मला गिरगावची आठवण येते. माझं माहेर तिथलं, पागडीच्या चाळीतलं, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन पुढे नाममात्र भाड्यावर राहायचं अशा जुन्या पद्धतीच्या घरातलं. आई अजून तिथेच राहते. तिच्याकडे भाडेकरूचे सगळे हक्क आहेत, कलम १४ सुद्धा. भाडं महिना दीडशे रुपये, वर्षाचे अठराशे, चौथा हिस्सा साडेचारशे. म्हणजे घरमालकानं दुरुस्ती केली नाही तर आई वर्षाला सिमेंटची एक गोणी आणू शकते, आणि ती तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्याची मजुरी पदरची द्यावी लागते. एवढ्या भाड्यात मालकानं तरी जिना कसा बांधून द्यायचा? हे गणित दोघांच्याही बाजूनं जुळत नाही, आणि त्यातूनच दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत, १६ जुलै २०१९ ला डोंगरीतली केसरबाई, २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीतली जिलानी. कोसळलेल्या इमारतींची ही नावं लिहिताना हात थांबतो.

तरी आईला एक आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं २०१४ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, निकाल दिला की इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, तो जमिनीवर टिकून राहतो. मुंबईत धोकादायक इमारत पाडण्याआधी कोणाचं किती चटईक्षेत्र होतं हे मोजून लिहून ठेवायचं असतं. चाळीत सगळ्यांना हे ठाऊक आहे. त्या कागदाची प्रत हातात आल्याशिवाय दाराला कुलूप लावायचं नाही, असं आई शेजारणींना सांगत असते. संक्रमण शिबिरात, म्हणजे घर रिकामं केल्यावर मिळणाऱ्या तात्पुरत्या जागेत, वर्षानुवर्षं काढलेली माणसं तिनं पाहिली आहेत, त्यामुळे कागदाची किंमत तिला माझ्याहून जास्त कळते.

आईकडे हक्क आहे पण धड छत नाही. माझ्याकडे, छत पडल्या दिवसापासून, दोन्ही नाहीत.

आता मागणी. नवा कायदा यायला वर्षं लागतील हे मी समजते. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. पागडीधारकांमध्ये तेव्हा फार भीती पसरली होती, आमच्या चाळीतही सभा झाली होती. तो मसुदा नव्या करारांपुरता आहे, पण भीती समजण्यासारखी होती आणि राज्यानं सावध राहायला हवं होतं हेही खरं. आपल्याकडे आजही १९९९ चाच कायदा चालतो. पण त्या मसुद्याचं कलम १५ कोणीही वाचावं. नैसर्गिक किंवा कोणाच्या हाताबाहेरच्या आपत्तीमुळे घर राहण्याजोगं उरलं नाही, तर ते पुन्हा नीट होईपर्यंत मालकानं भाडं घ्यायचं नाही. दुरुस्तीअभावी राहता येत नसेल आणि लेखी कळवूनही मालक दाद देत नसेल, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन घर सोडता येतं. दुरुस्ती झालीच नाही, तर नोटिशीची मुदत संपल्यापासून पंधरा दिवसांत डिपॉझिट परत. कोणती दुरुस्ती कोणाची, याची यादीही शेवटी आहे. संरचनेची कामं, पाइप बदलणं, वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, स्विच-सॉकेट, कुलपं, खिडकीच्या काचा राहणाऱ्याकडे. आणि भाडेकरूनं स्वतः केलेलं नुकसान मालकानं भरायचं नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे. मालकांचीही बाजू मला माहीत आहे. बाल्कनी आत घेऊन भिंत तोडणारे, बाथरूमची फरशी उखडून वॉटरप्रूफिंग फोडणारे भाडेकरू मी पाहिले आहेत. त्यांचा भुर्दंड काकांनी का सोसावा?

हे सगळं आणायला विधिमंडळाची वाट पाहायची गरज नाही, असं मला वाटतं. ऑनलाइन नोंदणीत कराराचा मसुदा तयारच मिळतो. राज्य त्यावर मुद्रांक शुल्क घेतं, नोंदणी फी घेतं, दोन्ही पक्षांचे अंगठे घेतं. नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, असं १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं. मग ज्या मसुद्यावर राज्य आम्हाला सही करायला लावतं, त्यात तीन गोष्टी छापून याव्यात. दोघांच्याही चुकीशिवाय किंवा मालकानं दुरुस्ती न केल्यामुळे घर राहण्याजोगं उरलं नाही, तर त्या दिवसापासून भाडं आणि लॉक-इन थांबेल. संरचनेची दुरुस्ती मालकाकडे, आणि सोसायटीकडे पाठपुरावा करणंही त्याच्याकडेच. इमारत तीस वर्षांवरची असेल तर शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटची प्रत कराराला जोडलेली असेल. यासाठी महसूल विभागाशी, नोंदणी व मुद्रांक विभागाशी बोलावं लागेल, ते तुम्हीच बोलू शकता. आणि डिपॉझिटच्या वादासाठी सक्षम प्राधिकाऱ्याचं दार आम्हालाही उघडावं. त्याला मात्र कायद्यात दुरुस्ती लागेल, ती करावी.

एक गोष्ट माझ्यासारख्यांसाठीही लिहून ठेवते, कारण हे पत्र तेही वाचतील. सोसायटीचा विमा इमारतीचा असतो, तुमच्या फ्रिजचा आणि पलंगाचा नाही. भाडेकरूला घरातल्या सामानापुरता वेगळा विमा घेता येतो. आमचा टीव्ही आणि सोफा त्या रात्री गेला आणि मला हे नंतर कळलं. आणि काही पडलं, फुटलं, गळायला लागलं तर त्याच दिवशी फोटो काढा आणि तारीख घालून मालकाला लेखी कळवा. फोनवरचं बोलणं नंतर कोणालाच आठवत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही नवं घर घेतलं, स्टेशनच्या पश्चिमेला. नोंदणी करायला आलेल्या मुलाला मी म्हटलं, इतर अटींमध्ये एक वाक्य टाक. तो म्हणाला, मॅडम, असं कोणी टाकत नाही. नव्या घरमालकीण बाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी वाक्य मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी वाचलं : "राहणाऱ्याच्या चुकीशिवाय जागा राहण्यास अयोग्य झाल्यास, ती पूर्ववत होईपर्यंत शुल्क आकारले जाणार नाही; तीस दिवसांत पूर्ववत न झाल्यास राहणारा जागा सोडू शकेल व अनामत रक्कम पंधरा दिवसांत परत केली जाईल." बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी मुलगी पुण्यात भाड्यानंच राहते. टाका. मला पण एक कॉपी द्या, तिला पाठवते."

ते वाक्य मी या पत्रासोबत तुमच्याकडे पाठवत आहे. भाषा तुमच्या विधी विभागानं सुधारून घ्यावी.

आपली नम्र,
डोंबिवलीतली एक भाडेकरू